दर वेळी वेगळा घोडा देतात, एकच मागून घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पर्वरीच्या एक ताई, वय ४१, तीन महिने झाले शनिवार-रविवार घोडेस्वारी शिकतायत. पहिले दोन महिने एकाच शांत घोडीवर होत्या आणि दुडकीपर्यंत, म्हणजे चालण्याच्या पुढच्या वेगापर्यंत (ट्रॉट), छान जमायला लागलं होतं. आता शिकवणारे सर दर वेळी घोडा बदलतात. एक उंच तांबडा घोडा आहे, त्याच्यावर बसलं की तो पळायलाच बघतो, ओढलं तरी थांबत नाही. आणि एक बुटकं तट्टू आहे ते टाच मारून मारून पाय दुखले तरी हलत नाही. त्या विचारतायत की फी मी भरते तर माझी ती घोडीच मागून घेऊ का, आणि शिकलेलं सगळं असं अचानक गेलं कुठे.

ताई, मी २३ वर्षं शिकवतोय, आधी पुण्याकडे आणि नंतर इथे पेडणे-बार्देशात, आणि हा प्रश्न मला दर सीझनला कोणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा डोळ्यात पाणी आणून. तुमचं शिकलेलं कुठेही गेलेलं नाहीये. पण घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते आधी बघू.

शाळेतली जुनी घोडी असते ना, ती दहा-दहा वर्षं त्याच रिंगणात फिरलेली असते. सर मधे उभे राहून "ट्रॉट" म्हणाले की ती तुम्ही टाच लावायच्या आधीच दुडकायला लागते, "हो" म्हटलं की थांबते, कोपरा आला की स्वतःच वळते, पुढच्या घोड्याच्या शेपटीमागे निमूट चालते. म्हणजे दोन महिने ती सरांचं ऐकत होती आणि तुम्ही वर बसून होतात. याचं वाईट वाटून घेऊ नका, त्या दोन महिन्यांत तुमची मांड बसली, कंबर सैल झाली, पडायची भीती कमी झाली, आणि हे सगळं खरं आहे, ते तांबड्यावर पण तुमच्यासोबतच असतं. फक्त लगाम आणि पायाने घोड्याशी बोलणं हा जो दुसरा भाग आहे त्याची परीक्षा अजून झालीच नव्हती, ती आता सुरू झालीये. खात्री करायची असेल तर सरांना सांगा की एक दिवस त्या शांत घोडीवर मला बसवा आणि अर्धा तास अजिबात बोलू नका. मी माझ्याकडे सगळ्यांना हे करायला लावतो आणि त्या दिवशी लोकांना कळतं की ती घोडी कोणाचं ऐकत होती.

तर एकच घोडा कायमचा मागू नका. पण दर वेळी नवा घोडा हेही मला पटत नाही, ते सरळ सांगतो. बऱ्याच ठिकाणी जो घोडा मोकळा असेल तो देतात, त्यात शिकणाऱ्याचा विचार नसतो. माझा हिशोब असा की पहिले आठ-दहा लेसन एकाच घोड्यावर, त्यानंतर एका घोड्यावर सलग तीन-चार लेसन, मग दुसरा, आणि अधूनमधून परत पहिल्या घोडीवर. पहिल्या लेसनला नवीन घोड्यावर काहीच कळत नाही, दुसऱ्याला राग येतो, तिसऱ्याला कुठेतरी एकदा तो ऐकतो आणि आपल्याला समजतं की आत्ता आपण काय वेगळं केलं. हा तिसरा लेसन मिळायच्या आधीच घोडा बदलला तर हातात नुसता राग उरतो. सरांना हेच सांगा, की मला तांबडा हवाय, पण सलग चार वेळा हवाय. चांगला शिकवणारा असेल तर खूश होईल.

आता घोडा ओळखायचा म्हणजे काय करायचं. याला वेळ लागतो आणि तो वेळ बहुतेक ठिकाणी दिलाच जात नाही. लोक गाडीतून उतरतात, घोडा तयार उभा असतो, बसतात, पाऊण तासाने उतरतात, जातात. माझी कळकळीची विनंती आहे की लेसनच्या अर्धा तास आधी जा आणि मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्याला, सांगा की आज खरारा मी करते. तो आनंदाने ब्रश हातात देईल.

घोड्याकडे जाताना खांद्याच्या बाजूने तिरकं जायचं आणि आधी आवाज द्यायचा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण बरोब्बर शेपटीमागचं आणि अगदी कपाळासमोरचं दिसत नाही. म्हणून थेट कपाळावर हात नेला की घोडा मान झटकतो आणि आपल्याला वाटतं याला मी आवडले नाही. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे खांद्याच्या उंचवट्यावर खाजवा, घोडे एकमेकांना तिथेच दाताने खाजवतात. वरचा ओठ लांब करून हलवायला लागला की समजायचं जागा सापडली.

मग कान बघा. पुढे टवकारलेले म्हणजे पुढे काहीतरी बघतोय. एक कान मागे तुमच्याकडे म्हणजे ऐकतोय, लेसनमध्ये हाच कान हवा असतो. दोन्ही बाजूंना सैल लोंबलेले म्हणजे निवांत. मानेला चिकटवून सपाट मागे टाकलेले म्हणजे सरका, आत्ता. मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी वर बसवतच नाही, कट्ट्यावर बसवून पंधरा मिनिटं फक्त कान बघायला सांगतो, आणि आई-वडील जरा नाराज होतात, होऊ देत.

खरारा करताना हात फिरतो तिथे कातडी काय म्हणते बघा. घोड्याच्या अंगावर माशी बसली तर तो तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतो, इतकं त्याला कळतं. ज्याला माशी कळते त्याला तुमची पोटरी कळणार नाही का? हे तट्टूच्या बाबतीत परत सांगतो.

मागच्या पावसाळ्याच्या आधीची गोष्ट सांगतो. आमच्याकडे बकुळ नावाची घोडी आहे, कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंग आणि काळी आयाळ, चारही पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा, पंचकल्याणी. अतिशय समजूतदार. म्हापशाहून येणारी एक कॉलेजची मुलगी सकाळी पावणेसातला खोगीर चढवत होती आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना बकुळने कान पाडले आणि मान फिरवून दात दाखवले. मुलगी म्हणाली सर आज हिचा मूड नाहीये. मी म्हटलं थांब. तंग सोडवला, पुढच्या पायाच्या मागे, कोपराच्या जागेपाशी उलटा तळवा हळूहळू फिरवला तर शेंगदाण्याएवढी गाठ लागली, गरम. आदल्या संध्याकाळी ती किनाऱ्यावर जाऊन आली होती, पट्ट्याखाली ओली वाळू राहिली आणि मिठाने घासून घासून सूज आलेली. बाहेरून केसांमुळे काहीच दिसत नव्हतं. पाच दिवस खोगीर बंद, गोड्या पाण्याने धुणं आणि नुसतं हाताला धरून फिरवणं. सहाव्या दिवशी तंग आवळताना तिने कान पण हलवले नाहीत. त्या मुलीने तेव्हापासून "मूड" हा शब्द घोड्यासाठी वापरलेला नाही.

हे मी इतकं जोर देऊन सांगतोय कारण माझ्याकडून एकदा उलटं झालंय. सुरुवातीच्या वर्षांत मी एका तबेल्यावर नोकरीला होतो, तिथे एक घोडा डावीकडे वळताना डोकं झटकायचा. तिथे सगळे म्हणायचे अडेल आहे, चाबूक दाखव, आणि मी महिनाभर दाखवला. मग जनावरांच्या डॉक्टरांनी तोंड उघडून टॉर्च मारला तर वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या झालेल्या आणि गाल आतून कापलेला. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि चघळून झिजत राहतात, वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो म्हणून बाहेरची कड झिजत नाही, ती धारदार होते, आणि वर्षातून एकदा तरी ती कानशीने घासून घ्यावी लागते. डावा लगाम ओढला की त्याचा गाल त्या धारेवर दाबला जायचा. तो महिनाभर सांगत होता आणि मी त्याला मारत होतो. ते तोंड मला अजून आठवतं. म्हणून आता घोडा "ऐकत नाही" असं कोणी म्हटलं की मी आधी तोंड बघतो, मग पाठ, मग तंगाची जागा, मग खूर आणि नाल, आणि हे सगळं ठीक असेल तरच स्वाराकडे बघतो.

तर तुमच्या तांबड्याकडे येऊ. तुम्ही वर्णन केलंय, उंच, सडपातळ, पातळ कातडी, पाय लांब, त्यावरून तो रेसमधून रिटायर झालेला थरोब्रेड वाटतो. रेसकोर्सवरची कारकीर्द संपली की असे बरेच घोडे रायडिंग स्कूलमध्ये येतात. त्याचं शिक्षण काय झालं ते बघा. दीड-दोन वर्षांचा असताना त्याला पळायला शिकवलं, दोन वर्षांचा झाल्यावर शर्यत. वर बसणारा जॉकी रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, आखूड करून पुढे वाकलेला आणि लगाम ताणलेला. म्हणजे पुढे वाकलेलं अंग आणि ताणलेला लगाम याचा त्याच्या डोक्यात एकच अर्थ आहे, पळ. आता तुम्ही घाबरलात की काय करता? पुढे वाकता आणि लगाम ओढून धरता. तो बिचारा सांगितलेलं काम इमानदारीने करतोय. तुम्ही अजून ओढता, तो अजून जोर लावतो, आणि साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराशी ओढाओढीत आपण कधी जिंकत नसतो.

त्याच्यावर करायचं ते सगळं घाबरलेल्या अंगाला उलटं वाटतं, म्हणून सराव लागतो. खांदे मागे, बसकण जड, श्वास मोठ्याने सोडायचा, आवाज यावा इतका. लगाम धरून ठेवायचा नाही, घ्यायचा आणि सोडायचा, घ्यायचा आणि सोडायचा, ओला टॉवेल पिळतो तसं बोटांनी. आणि सरळ रेषेत थांबवायचा हट्ट नको, मोठ्या गोलात घ्या, गोल हळूहळू लहान करा, वेग आपोआप उतरतो. पाय मात्र काढून घ्यायचे नाहीत. हे सगळ्यात अवघड असतं, असल्या उतावळ्या घोड्यावर माणूस पाय लांब धरतो आणि मग चुकून कधी पाय लागला की घोडा दचकून उडतो. पोटरी हलकी टेकलेलीच असू दे, त्याला धीर येतो की वरचं माणूस कुठे आहे.

पहिले दोन लेसन त्याच्यावर फक्त चालणं आणि थांबणं करा. खरंच दुसरं काही नको. दहा पावलं, थांब, लगाम सैल, मानेवर हात, परत दहा पावलं. तो थांबल्यावर मान खाली घालून ओठ चाटायला लागला, नाकातून लांब फुरफुर केली, की समजा आत कुठेतरी गाठ सुटली.

तट्टूचं प्रकरण वेगळं, आणि माझ्या मते शिकायला तेच जास्त चांगलं. लोकांना वाटतं सुस्त घोडा सोपा. त्या तट्टूवर रोज चार नवखे बसतात आणि प्रत्येक जण पावलागणिक टाच मारतो, मग तो चालतोय तरी टाच, थांबला तरी टाच. त्याच्यासाठी टाच म्हणजे पंख्याच्या आवाजासारखी झालीये, चालूच असते, अर्थ काही नाही. घोडा शिकतो तो दाब सुटल्यावर. दाब हा प्रश्न आणि दाब जाणं हे "बरोबर" असं उत्तर, आणि ज्याला "बरोबर" कधी ऐकूच येत नाही तो प्रयत्न का करेल. तर एकदा हलकेच पोटरी दाबा, माशी कळते एवढं त्याला कळतंय. नाही हलला तर दुसऱ्यांदा स्पष्ट टाच. तरी नाही तर तिसऱ्यांदा छडीचा एक टिचका, पायाच्या लगेच मागे, आणि तो निघाला त्या क्षणाला पाय गप्प, हात पुढे, जाऊ द्या, दुडकला तरी जाऊ द्या, ओढू नका. इथेच सगळे चुकतात, घोडा शेवटी निघतो आणि स्वार दचकून लगाम ओढतो. मग पुढच्या वेळी परत हलकेपासून सुरू. तीन-चार लेसनमध्ये तो पोटरीवर निघायला लागतो, फक्त तुमच्याशी, दुसऱ्या कोणाशी नाही, आणि तो आनंद काय असतो ते तुम्ही स्वतः बघालच.

बाकी जाती-बितींचं फार मनावर घेऊ नका पण थोडं माहीत असावं. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, टोकं एकमेकांना टेकतात, मान उंच, नजर तिखट, सगळ्याची दखल घेणारे, यांच्यावर हात हलका लागतो. काही मारवाडींची चाल जन्मतःच गुळगुळीत असते, रेवाल म्हणतात, दुडकीसारखा हिसका बसत नाही, आणि तिच्यावर उठबस, म्हणजे दुडकीच्या ठोक्याला खोगिरावरून उठणं-बसणं, करायला गेलात तर लय सापडणार नाही, नुसतं बसून राहायचं. आपल्या दख्खनचं भीमथडी तट्टू म्हणजे मराठ्यांच्या घोडदळाचं, बुटकं, काटक, कमी चंदीवर, म्हणजे कमी दाण्यावर, निभावणारं, आजही धनगर लोक बिऱ्हाड लादून यांच्यासोबत फिरतात. डोंगरउतारावर माझा सगळ्यात जास्त भरवसा यांच्यावर. पण एकाच जातीच्या दोन घोड्यांत जेवढा फरक असतो तेवढा कधीकधी दोन जातींत नसतो, म्हणून समोरचा घोडा बघा.

दुडकीवरून आठवलं. दुडकी दोन ठोक्यांची, तिरके पाय जोडीने पडतात, टप-टप, टप-टप, साधं चालणं चार ठोक्यांचं आणि कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची धाव, तीन. घोडा बदलला की ठोक्यांचा वेग बदलतो आणि उठबस चुकते, तांबड्याची ढांग लांब म्हणून ठोका सावकाश, तट्टूचा भराभर. डिचोलीकडचे एक गृहस्थ माझ्याकडे यायचे, ते शिगम्यात, म्हणजे गोव्याच्या होळीच्या सणात, घोडेमोडणीत नाचणारे, कमरेला लाकडी घोडा बांधून, एका हातात तलवार, एका हातात लगाम. त्यांना दुडकीवर उठबस काही केल्या जमेना. मी म्हटलं तुम्ही ढोलाच्या कोणत्या ठोक्यावर गुडघा उचलता? ते हसले, तोंडाने ठोका धरला, आणि दुसऱ्या फेरीला उठबस बसली. तेव्हापासून मी सगळ्यांना तोंडाने मोजायला लावतो. नवीन घोड्यावर आधी एक फेरी नुसतं मोजा, मग उठा. आणि रिंगणात बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे जाताना उठायचं, तो दिसत नसेल तर त्याचा खांदा बघा.

आता आपल्या गोव्याच्या हवेचं. अरबी घोडे जहाजातून गोव्याच्या बंदरात उतरायचे आणि घाट चढून विजयनगरला जायचे, १५१० नंतर तो व्यापार पोर्तुगीजांनी आपल्या हातात घेतला, म्हणजे घोडा आणि गोवा ही ओळख जुनी आहे. पण इथली दमट हवा घोड्याला सोपी नाही. घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. एप्रिल-मेमध्ये मी सकाळी आठनंतर कोणालाही बसवत नाही, कितीही पैसे दिले तरी. काही घोड्यांचा तर अशा हवेत घामच बंद होतो, थरोब्रेडमध्ये हे बघितलंय मी, अंग कोरडं, गरम, आणि नाकपुड्या भात्यासारख्या चालू. तुमचा तांबडा दुडकल्यावर कोरडाच राहत असेल आणि धापा टाकत असेल तर उतरा आणि सरांना तिथल्या तिथे सांगा. निवांत घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६ असतो, कुशीकडे बघून मोजता येतो, आणि काम झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तो खाली यायला लागला पाहिजे. अंगावर गार पाणी, हाताने निपटून काढायचं, परत पाणी.

पावसात रिंगण चिखल होतं, खुरांच्या खाचेत कुजकट वास यायला लागतो, अंगावर खपल्या धरतात, आणि कित्येक दिवस घोडे आतच उभे राहतात. आजी विचारायची ना, भाकरी का करपली, घोडा का अडला, उत्तर एकच, फिरवला नाही म्हणून. जून ते सप्टेंबर कोणताही शांत घोडा थोडा उडतोच, चार दिवसांच्या उभ्यानंतरची पहिली फेरी तुमची नको, आधी सरांनी दोरीवर गोल फिरवून घेतला पाहिजे. हे मागायला लाजू नका.

किनाऱ्याचं स्वप्न सगळ्यांनाच असतं आणि तुम्हालाही असणार. मी किनाऱ्याच्या विरुद्ध नाही, पण नवीन घोड्यासोबत पहिला अनुभव किनाऱ्यावर नको. लाट मागे जाताना पायाखालचं पाणी सरकतं, घोड्याला वाटतं जमीनच सरकतेय, काही घोडे आडवे उड्या मारतात. त्यात कुत्र्यांचे कळप, छत्र्या फडफडतायत, हरमल-केरीकडे तर डोक्यावरून पॅराग्लायडिंगवाले. ओहोटी असताना, ओल्या घट्ट वाळूवर, एका जुन्या शांत घोड्याच्या मागे, आणि चालतच. कोरड्या खोल वाळूत पळवलं की पायाच्या शिरांवर (कंडरांवर) ताण येतो आणि शीर एकदा सुजली की घोडा महिनोन् महिने बसतो. मोरजी-मांद्रेकडे नोव्हेंबरनंतर कासवं अंडी घालायला येतात, वनखात्याने दोऱ्या लावलेल्या असतात, तिकडे टापा नकोत. आणि परत आल्यावर पाय, पोट, तंगाची जागा गोड्या पाण्याने धुवायची, बकुळची गोष्ट वर सांगितलीच.

वजनाचं पण सांगून टाकतो कारण मोठ्या माणसांना कोणी सांगत नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावं. ४५० किलोच्या घोड्याला ९० किलो, त्यात खोगीर सात-आठ किलो. पण ३०० किलोच्या तट्टूला सगळं मिळून ६०. तुमचं वजन मी विचारत नाही, पण तट्टू हलत नाही याचं एक कारण तेही असू शकतं, आणि तसं असेल तर त्याच्यावर तुम्हाला बसवणं ही चूक आहे, तुमची नाही, बसवणाऱ्याची. मग वरचं पोटरीचं तंत्र दुसऱ्या एखाद्या सुस्त पण थोराड घोड्यावर शिका.

हेल्मेट स्वतःचं घ्या, रायडिंगचं, बाईकचं नाही, आणि एकदा त्यावर पडलात की बदला, बाहेरून तडा दिसो न दिसो. बूट छोट्या टाचेचे, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाणार नाही, पडल्यावर पाय अडकून फरफटणं हा खरा धोका असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू दे. आणि बसल्यावर पाच मिनिटांनी तंग परत तपासा, बरेच घोडे आवळताना पोट फुगवतात आणि नंतर पट्टा सैल पडतो.

भीतीचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, "आता वय झालं म्हणून असेल". ४१ ला भीती वाटते कारण ४१ ला माणसाला पडण्याची किंमत माहीत असते, घरी मुलं असतात, सोमवारी ऑफिस असतं. माझ्या अनुभवात चाळिशीनंतर शिकणारे लोक घोडा जास्त चांगला वाचतात कारण ते थांबून बघतात. फक्त भीती वाटली की श्वास धरू नका, घोड्याला तुमचं धरलेलं अंग खोगिरातून लगेच कळतं आणि तो शोधायला लागतो की घाबरायचं नेमकं कशाला. गाणं म्हणा, अभंग म्हणा, आरती म्हणा, काहीही, तोंडाने आवाज चालू असला की श्वास अडकत नाही. आणि एखाद्या दिवशी वाटलं की आज नको, तर त्या दिवशी फक्त खरारा करून घरी या, तोही लेसनच आहे.

कँटर कधी करू असंही विचारलंय. तीन वेगवेगळ्या घोड्यांवर, रिकिबी न घालता, लगामाला न लटकता दुडकी बसून काढता आली की. महिने मोजू नका.

एक छोटी वही करा. प्रत्येक घोड्याला एक पान, लेसन झाल्यावर गाडीत बसूनच दोन-तीन ओळी. कुठे खाजवलेलं आवडतं, कोणत्या बाजूला वळायला जड, कशाला दचकला, किती दाबावर निघाला. माझे उस्ताद, सैन्यातून रिटायर झालेले सवार, त्यांची अशी वही होती, चाळीस वर्षांतले घोडे त्यात होते, आणि माणसांचे वाढदिवस विसरणारे ते गृहस्थ कोणत्या घोडीला कोणत्या पायावर पांढरं होतं ते न बघता सांगायचे.

तर या शनिवारी अर्धा तास आधी जा, तांबडा मागा, खरारा करा, खूर उचलायला मोतद्दाराची मदत घ्या, आणि वर बसल्यावर फक्त चालणं आणि थांबणं. उतरल्यावर तंग दोन भोकं सैल करा आणि दहा मिनिटं हाताला धरून फिरवा. गाजर द्यायचं असेल तर लांब उभं चिरून, तळवा सपाट ठेवून, अंगठा आत घेऊन, आणि सरांना विचारून.